पाटी म्हणजे घाट नव्हे

"कर्नेल बदललंस ना? मग हेडर्सही त्याचेच घाल!" लिनक्सवाल्यांत हा सल्ला अजून दिला जातो, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात: कर्नेल म्हणजे संगणकाच्या प्रणालीचा गाभा, आणि हेडर्स म्हणजे त्याच्याकडे काय काय मागता येतं याची यादी. प्रोग्रॅम कंपाइल करताना ही यादी लागते. डेबियनसारख्या संग्रहात हजारो पॅकेजेस असतात, म्हणून यादी कुठली घ्यायची हा प्रश्न मोठा.

घोळ होतो कारण गरजा दोन आहेत. ड्रायव्हर थेट कर्नेलच्या पोटात शिरतो; त्याला चालू कर्नेलचेच हेडर्स हवेत. बाकीच्या प्रोग्रॅमना मात्र सी लायब्ररी ज्यांवर बांधली तेच हेडर्स द्यावेत. खुद्द लिनस टोरवाल्ड्सने हे २००० साली बजावलंय. २००६ मध्ये कर्नेल २.६.१८ ने असे हेडर्स वेगळे काढून द्यायची सोयही केली. डेबियनमध्ये तर दोन्हींची पॅकेजेसच निराळी. तरी आमचं तेच!

"पण नवे हेडर्स घेतले तर जुन्या कर्नेलवर प्रोग्रॅम मरेल!" मरेल ना, पाटीलाच रस्ता समजलात तर. जुलै २०२१ च्या पावसात दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद पडला, तेव्हा पोलादपुरात महाबळेश्वरची पाटी वाचून कुणी गाडी दामटली असती का? आधी विचारलं असतं, "घाट चालू आहे का हो?"

प्रोग्रॅमनेही चालताना तेच विचारावं. 'गेटरँडम' ही सोय कर्नेल ३.१७ मध्ये, २०१४ साली आली. त्याआधीचं कर्नेल सरळ सांगतं, "हे माझ्याकडे नाही." शहाणा प्रोग्रॅम मग 'युरँडम'च्या जुन्या वाटेने जातो, दुसरा तिथेच आडवा होतो. यात यादीचा काय दोष?

तर सांगायचा मुद्दा असा: हेडर्स हे संग्रहातलं एक साधं पॅकेज असावं, ठरलेल्या आवृत्तीचं. बांधणाऱ्या मशीनवर कुठलं कर्नेल चालू आहे, हे बिल्ड स्क्रिप्टने विचारूच नये. नाहीतर तोच सोर्स दोघांनी बांधला की दोन निराळे प्रोग्रॅम निघतात, आणि चूक शोधता शोधता रात्र जाते. किमान कुठलं कर्नेल लागेल ते वेगळं जाहीर करावं, जीलिबसीने २.२६ मध्ये, २०१७ साली, ३.२ ही मर्यादा तशीच जाहीर केली होती.

एखाद्याच्या घरचा जुना संगणक अजून धड चालतोय. आपल्या आळसापायी तो भंगारात का जावा?