पिल्लांच्या अंगाखाली काय घालता?



परवा गावातल्या एका पोराने शंभर पिल्लं आणायचं ठरवलं. बल्ब किती, खाद्य कुठलं, लस कधी, सगळं विचारून गेला. खाली काय अंथरणार, हे मात्र मलाच विचारावं लागलं. म्हणाला, "काका, रद्दी आहे की घरात." म्हणून लिहितोय.

रद्दीवर माझी पहिली बॅच निघाली. गुळगुळीत कागद, त्यात सांडलेलं पाणी. पिल्लू उभं राहायला गेलं की दोन्ही पाय बाजूला फाकायचे. तिसऱ्या दिवशी सात पिल्लं पोटावर सरपटत होती. अशी पिल्लं खाद्यापर्यंत पोचत नाहीत, बाकीची तुडवतात.

पुढच्या वेळी शहाणपणा केला. घरची भुईमुगाची टरफलं पडवीत पोत्यात पडलेली, फुकटची. वरून कोरडी दिसत होती, खालून पोत्याने ओल धरलेली. आठवड्याच्या आत पिल्लं चोच उघडून श्वास घ्यायला लागली. घरघर नाही, नाक वाहणं नाही. डॉक्टरांनी एक चिरून दाखवलं, फुप्फुसावर बारीक पिवळट दाणे. बुरशी. ब्रूडर न्यूमोनिया म्हणतात त्याला, आणि एकदा झाल्यावर उपयोगी पडेल असं औषध नाही. 100 मधली 38 गेली. पैसे कारभारणीने बचत गटातून उचललेले, हप्ते दुधाच्या पगारातून फेडले. टरफलं वाईट नव्हती, माझी साठवण वाईट होती. पण तेव्हापासून ती मी ब्रूडरमध्ये घातली नाहीत.

माझं मत भाताच्या तुसाला. आपल्या आंबेगावचा पश्चिम पट्टा भाताचा, तूस लांबून आणावं लागत नाही. लाकडाची छिलकं तुसापेक्षा जास्त पाणी शोषतात, हे मान्य. पण वखारीत मिळतो तो बारीक भुसा. पिल्लं खाद्य समजून तो खातात, धूळ होते ती वेगळीच. फर्निचरवाल्याकडचा तर घेऊच नका, त्यात प्लायवूडचा डिंक असतो. तूस कमी शोषतं, म्हणून रोज हलवायचं आणि भांड्याभोवतीचं भिजलेलं लगेच काढायचं. एवढं जमत नसेल तर पिल्लं आणू नयेत.

उन्हाळ्यात दोन इंच पुरतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत फरशी बर्फासारखी होते, तेव्हा तीन-चार इंच घाला. आदल्या दिवशीच बल्ब लावून तूस गरम करा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला 35 अंश लागतं, आणि गार गादीवर नुसता बल्ब काही करत नाही. पहिले एक-दोन दिवस तुसावर कागद टाकून त्यावर भरड टाकावी, म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत. खाली तूस असलं की कागदाला खळगे पडतात, पाय तितका घसरत नाही.

मूठभर तूस दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, रक्ती हगवण दारात आलीच समजा. वास उभ्याने घेऊ नका, उकिडवे बसा. तुमचे डोळे चुरचुरले तर पिल्लं तेच दिवसभर ओढतायत.

पैसे पडतात म्हणून कुरकुर ऐकतो. अहो, शंभर पिल्लांना पहिल्या आठवड्यात दोन-तीन पोती पुरतात, आणि बॅच उठल्यावर तेच कुजवून कांद्याला जातं. बिबट्याच्या भीतीने खुराड्याला दुहेरी जाळी मारतो आपण, तिथे कोणी हिशोब करत नाही.

त्या पोराला माझ्याकडची दोन पोती तूस दिलंय. रिकामी पोती परत आण, एवढं बजावलंय.