बडोद्याची राजकन्या आणि आपली सही



हिंजवडीच्या चौकातल्या दुकानांत काचेआड शिफॉनच्या साड्या टांगलेल्या दिसतात. कंपनीत साफसफाईला जाणारी आपली बहीणही लग्नसराईत त्यातली एखादी घेते. वजनाला हलकी, धुवायला सोपी! आज ती नायलॉन-पॉलिस्टरची, म्हणून आपल्याला परवडते. पण एके काळी हे कापड रेशमाचे असे आणि फ्रान्सहून येई. हिंदुस्थानच्या राजवाड्यांत शिफॉनची साडी नेसण्याची चाल पाडली ती एका मराठी राजकन्येने. तिचे नाव इंदिराराजे गायकवाड.

इंदिराराजे म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची एकुलती एक लेक. जन्म १८९२ चा. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. १८७५ मध्ये दत्तक जाऊन ते गादीवर बसले. आई चिमणाबाई. त्यांनी पुढे पडदा झुगारून दिला. अशा घरात मुलगी शिकली, इंग्लंड पाहून आली. श्रीमंती तर अशी की मोजता येऊ नये!

पण श्रीमंत घरातसुद्धा मुलीचे लग्न बापच ठरवतो. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी इंदिराराजेंचा विवाह ठरला. वर पंधरा वर्षांनी मोठा आणि घरात आधीची एक राणी. दोन्ही संस्थानांत तयारी चालू झाली. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबार भरला. तिथे इंदिराराजेंची भेट कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी झाली. तो धाकटा राजपुत्र. घराणे बंगालचे, ब्राह्मो समाजाचे. मराठा तर नव्हेच! तरीही राजकन्येने मन पक्के केले, आणि स्वतःच्या हाताने ग्वाल्हेरच्या महाराजांना पत्र लिहून लग्नाला नकार कळवला.

एकोणीस वर्षांची मुलगी, आणि समोर हिंदुस्थानातला एक बलाढ्य राजा! आईबापांना हे सहन झाले नाही. ज्या सयाजीरावांनी १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, तेही लेकीच्या पसंतीपुढे अडून बसले. दुसऱ्याच्या मुलीसाठी सुधारणा करणे सोपे, स्वतःच्या घरात ती अवघड! दीड-दोन वर्षे लेक हटली नाही. अखेर १९१३ मध्ये लंडनमध्ये लग्न झाले. आईबाप लग्नाला आले नाहीत.

१९१३ हे साल आपल्या घरात सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी सयाजीरावांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. एकाच राजाची लेक राजवाडा सोडून लंडनला लग्न करीत होती, आणि त्याच राजाच्या मदतीवर सुभेदार रामजींचा मुलगा कोलंबिया विद्यापीठात पुस्तके उघडून बसला होता. इकडे मुंबईत रमाई संसार ओढत होत्या.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत थोरले दीर वारले आणि इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या. पण दारूने घर पोखरले. डिसेंबर १९२२ मध्ये महाराज जितेंद्र वारले. महाराणींचे वय तीस, पदरात पाच लेकरे, थोरला मुलगा सात वर्षांचा. दारूचा राक्षस झोपडीत शिरतो तसा राजवाड्यातही शिरतो, हे आपण लक्षात ठेवावे. विधवेने कोपरा धरायचा, ही त्या काळची रीत. इंदिराराजेंनी कोपरा धरला नाही. मुलगा सज्ञान होऊन १९३६ मध्ये कारभार हाती घेईपर्यंत त्यांनी राजप्रतिनिधी म्हणून संस्थान चालवले. चौदा वर्षे कागदावर त्यांची सही चालत होती.

जगाला मात्र त्यांची सही आठवत नाही, त्यांचे जोडे आठवतात! फेरागामो या इटलीच्या नामांकित कारागिराकडे त्यांनी शंभर जोड पादत्राणे करायला टाकली. त्यातल्या काहींवर जडवायला स्वतःजवळचे हिरे-मोती पाठवले. परदेशी जुगाराच्या टेबलावर शकुनासाठी त्या रत्ने जडवलेले कासव जवळ ठेवीत, असे सांगतात. इतके शिक्षण, इतका धीटपणा, आणि नशीब कासवाच्या पाठीवर! हा पैसा आकाशातून पडत नव्हता. संस्थानाची तिजोरी भरत होती ती रयतेच्या घामाने. म्हणून या झगमगाटाची आरती ओवाळण्याचे आपल्याला कारण नाही.

आणि बडोद्याचेही दुसरे तोंड आपण विसरू शकत नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब त्याच बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेत लपून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. राजा उदार होता, पण शहराच्या मनातली जात राजाच्या उदारपणाने गेली नाही.

मग कपड्यालत्त्याचा विचार करूच नये काय? तसे नाही. १९२७ सालच्या दोन घटना पाहा. जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी होत्या इंदिराराजेंच्या आई, महाराणी चिमणाबाई. विषय होता स्त्रीशिक्षणाचा. डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले की, जातीची खूण पटवणारे ते कथलाचे आणि चांदीचे जड दागिने टाका, साडी नीटनेटकी नेसा, मुलींना शिकवा. त्या माउलींनी तिथेच साडी नेसण्याची पद्धत बदलली. महाराणीची साडी बदलली ती हौसेने. आपल्या आज्यांची बदलली ती स्वाभिमानाने. तेव्हा वस्त्र क्षुल्लक नसते. ते कोण ठरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असते.

आता आपल्या गावाकडे वळू. इंदिराराजे जन्माने धनवान होत्या, तरी राज्याचा वारसा मिळाला भावाच्या मुलाला. मुलीला दागिने द्यायचे आणि जमीन मुलाला, ही राजवाड्याची रीत होती, तीच आपल्या घरातही आहे. हिंजवडीत आयटी पार्क आला. ज्या रानात बाजरी होत नव्हती, त्याला सोन्याचा भाव आला. आपल्यातल्या कुणाकुणाची वतनाची तुकडाभर जमीनही त्यात आहे. आणि मग बहिणीला माहेरी बोलावणे येते! तिला एक भारी साडी नेसवतात, गोडधोड जेवू घालतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. भाऊ तुटेल या भीतीने ती सही करते. एका साडीत लाखोंचा हिस्सा जातो.

कायदा काय सांगतो ते नीट समजून घ्या. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलगी आणि मुलगा यांचा वाटा सारखाच. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला. त्या तारखेला बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या कायदेशीर वाटण्या मात्र यातून वगळल्या आहेत. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की ते मागे घेणे फार कठीण. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, ते याच हक्कांसाठी.

कुणी म्हणेल, बहिणीने वाटा मागितला की नाती तुटतात. बंधूंनो, नाते वाट्याने तुटत नाही, फसवणुकीने तुटते. बहिणीला कागद वाचून दाखवा, विचार करायला वेळ द्या. तिने समजून-उमजून हक्क सोडला तर ती तिची मर्जी. पण भुलवून घेतलेली सही ही चोरीच आहे.

इंदिराराजे ६ सप्टेंबर १९६८ रोजी मुंबईत वारल्या. त्यांच्या आयुष्यातून आपल्या लेकींनी उचलावे असे शंभर जोड्यांत काही नाही. ते आहे त्या एका पत्रात. शिकलेल्या मुलीने स्वतः विचार करून, स्वतःच्या हाताने लिहिलेला तो नकार होता. तो द्यायला राजाचा वाडा लागत नाही. अक्षर लागते आणि धीर लागतो. अक्षर आपल्या लेकींना मिळाले आहे. धीर घरानेच द्यायचा असतो.

तेव्हा पुढचा कागद समोर आला, तर आधी वाचा, जाणत्याला विचारा, आणि मगच पेन उचला.