मूतखडा निघाल्यानंतरचा रक्तस्राव

पाठीवर जेमतेम एक सेंटीमीटरची चीर, तीन-चार दिवसांत घरी आणि लवकरच पुन्हा पेढीवर. मोठ्या मूतखड्यावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयी, म्हणजेच पीसीएनएलविषयी, व्यापारी घरांत बहुधा एवढेच बोलले जाते. १९७६ मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी ही पद्धत मांडली आणि पुढे कुशीवरची लांब चीर बहुतांशी टळली. मात्र चीर लहान असली तरी वाट मूत्रपिंडाच्या गाभ्यातूनच जाते. आणि हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जात असतो.

पहिले काही दिवस लघवी गुलाबी दिसणे अपेक्षितच असते. शिरांतील स्राव बहुधा आपोआप थांबतो. गरज भासल्यास डॉक्टर पाठीतील नळी काही काळ बंद ठेवतात; आत रक्त गोठते व त्याचाच दाब जखमेवर पडतो. ही नळी घरच्यांनी हाताळावयाची नसते.

खरा दगा देते ती धमनीची इजा. धमनीला पडलेले छिद्र गुठळीने तात्पुरते बुजते, तेथे फुगा तयार होतो, आणि एक-दोन आठवड्यांनी, सर्व आलबेल वाटत असताना, लघवी एकाएकी लालभडक होते. गाठी पडणे, लघवी तुंबणे, चक्कर येणे वा दरदरून घाम फुटणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. ‘उष्णता झाली असेल, सकाळी पाहू’ म्हणत काढलेली रात्र जिवावर बेतू शकते.

सलाईन व रक्त देऊनही स्राव न थांबल्यास अँजिओग्राफी करतात. बहुधा जांघेतील धमनीतून बारीक नळी सरकवून फुटलेली शाखा शोधली जाते व ती कॉइलने बंद केली जाते. शंभरांत एखाद्यावरच ही वेळ येते, आणि बहुतेकांचा स्राव यानेच थांबतो. त्या शाखेवरचा लहानसा भाग निकामी होतो. उरलेले मूत्रपिंड काम करीत राहते.

हृदयात स्टेंट असलेल्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंदही करू नयेत आणि घरी आल्यावर स्वतःहून सुरूही करू नयेत. दोन्ही तारखा हृदयतज्ज्ञ व शल्यचिकित्सक यांच्याकडून लिहून घ्याव्यात. खोलीचे भाडे व विम्याची मर्यादा विचारतानाच, रात्री-अपरात्री कॉइल बसविण्याची सोय त्याच रुग्णालयात आहे की रुग्णाला दुसरीकडे न्यावे लागेल, हेही आधीच विचारून ठेवावे.