नेट हळू चालतंय? आधी मोजा, मग भांडा

ढोकीत आता शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटीचं हॉल तिकीट, पुण्यातल्या भावाचा व्हिडिओ कॉल, सगळं घरातल्या वायफायवर चालतं. ते अडकलं की आपण म्हणतो, ‘खेड्यात असंच असतं.’ सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मला हे वाक्य पटत नाही. दोष कुठे आहे, हे शोधता येतं.

आधी हिशेब. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट उतरतील. तेवढे उतरत असतील तर लाइन ठीक आहे.

मग मोजणी. बाकीचे फोन वायफायवरून काढा, लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा. लॅपटॉप नसेल तर फोन राउटरजवळ धरून ५ गिगाहर्ट्झवर मोजा.

इथे वेग पूर्ण आणि आतल्या खोलीत कमी, तर दोष घरातच. दगडी भिंत, पत्रा, लोखंडी कपाट वायफायच्या लहरी अडवतात. राउटर उंच, मोकळ्या जागी आणा. लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ वापरा. वेग कमी, पण पोहोच जास्त.

केबलवरही वेग कमी असेल, तर दुसऱ्या केबलने एकदा खात्री करा. तरीही तेच, तर लढा कंपनीशी. फक्त रात्रीच घसरत असेल, तर एका लाइनवर घरं जास्त झाली असण्याची शक्यता मोठी. तारीख, वेळ, स्क्रीनशॉट जपा. कस्टमर केअरकडून तक्रार क्रमांक घ्या. काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. २०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही, हेही लिहा.

ही मेहरबानी मागणं नव्हे. २०१९ मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. अर्जाच्या शेवटच्या रात्री पान उघडलं नाही, तर एखाद्या मुलीचं वर्ष जातं.

म्हणून या रविवारी गल्लीतल्या दहा घरांचा वेग मोजा, एका वहीत लिहा. एकट्याची तक्रार कंपनी टोलवते. दहा घरांचे आकडे एकत्र गेले, तर टोलवणं अवघड होतं.