आधी खबर, मग तडजोड



बेणे, लागण आणि खोडवा सोडून ऊस विकास खात्याच्या माणसाने पोलीस आणि विमा यांवर का लिहावे, असे कुणी म्हणेल. पण आम्ही गावोगाव फिरतो. बांधावर बसले की बोलणे निघते ते उसाचे कमी आणि घरच्या अडचणींचे जास्त. गेल्या दोन-तीन हंगामांत अपघाताच्या कागदांसाठी हेलपाटे घालणारी माणसे इतकी भेटली, की लिहिल्यावाचून राहवेना.

आपल्या एका सभासदाचा मुलगा मुंबईस मालाडला नोकरीला आहे. आईवडील त्याच्याकडे गेले असता तो त्यांना समुद्र दाखवायला मनोरीस घेऊन निघाला. मार्व्याला फेरीबोटीत बसले की मनोरी समोरच; पण मोटार न्यायची तर भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा पडतो. त्या रस्त्याला एका वळणावर टेम्पोने मोटारीस ठोकरले. पत्रा तेवढा चेपलेला दिसत होता. टेम्पोवाला हातापाया पडू लागला. आपली माणसे मवाळ. “जाऊ द्या, मिटवून टाकू” म्हणाले, दोन हजार रुपये घेतले आणि पुढे गेले. तिसऱ्या दिवशी आईचा गुडघा सुजला. फोटो काढला तर वाटीला तडा! ऑपरेशन झाले, खर्च अंगावर आला. आता टेम्पोच्या विम्यावर दावा घालायचा, तर गाडीचा नंबर अर्धाच आठवतो, आणि अपघात नेमका कुठे झाला तेही सांगता येईना. उत्तन ठाणे जिल्ह्यात, मनोरी मुंबई उपनगरात. कुठल्या ठाण्यात जायचे या विचारातच अकरा दिवस गेले. दावा अजून लोंबकळतो आहे.

यात पोलिसांचा काय दोष? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्याने तर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर देता येते, आणि एफआयआरची नक्कल फुकट मिळते. हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर तेव्हा आम्हालाही नव्हते.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे माणूस जखमी झाला असेल तर चालकाने २४ तासांच्या आत पोलिसांत कळवायचे आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे पाठवायचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे नियम पाळण्याविषयी आदेश दिले. पण पहिल्या अहवालाचे ते ४८ तास मोजायचे ते पोलिसांना खबर लागल्यापासून. आपणच रस्त्यावर मिटवून घरी आलो, तर मोजणी सुरूच होत नाही.

खबर देऊनही अहवाल रेंगाळतात, हे आम्ही नाकारीत नाही. बंदोबस्त असतो, तपासी अंमलदाराची बदली होते, कागद टेबलावर पडून राहतो. मात्र ऊस तुटल्यावर पैसे १४ दिवसांत मिळाले पाहिजेत हे आपल्या लहान पोरालाही पाठ आहे. पंधरावा दिवस उजाडला की आमच्या टेबलावर मुठी आपटतात. तेच सभासद पोलिसांचा अहवाल सहा-सहा महिने आला नाही तरी “साहेबांना कसं विचारायचं?” म्हणून गप्प बसतात. ९० दिवस झाले, अहवाल गेला काय, असे लेखी विचारलेला एकही जण आम्हास अद्याप भेटलेला नाही. अर्ज द्यावा, पोच घ्यावी. त्यात कुणाचा अपमान नाही.

ज्यांना खबर द्यायला उशीर झाला त्यांनीही खचू नये. जखमीला आधी दवाखान्यात नेणे हेच माणसाचे वागणे, तेवढ्या उशिरावरून दावा खोटा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटले आहे. पण सहा महिने मात्र उलटू देऊ नयेत. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला तेवढीच मुदत घातली आहे. तिच्यावर न्यायालयात वाद चालला असला, तरी आपला दावा त्या वादात कशाला अडकवायचा?

शेतकरी स्वतः दगावला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून वारसांस दोन लाख रुपये मिळतात. २०२३ पासून त्यात विमा कंपनी नाही, शासनच देते. पण तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज ३० दिवसांत जावा लागतो, आणि त्यालाही पोलिसांचे कागद लागतातच. दिवस-कार्य उरकेपर्यंत निम्मी मुदत संपते. सुतकातल्या बाईने पंचनाम्याच्या नकलेसाठी ठाण्याच्या पायऱ्या चढाव्यात, हे आम्हास पटत नाही.

म्हणून आमची संचालक मंडळास विनंती आहे, की प्रत्येक गट कार्यालयात एका माणसाकडे हे काम नेमून द्यावे. अपघात कळताच त्याने घरच्यांबरोबर ठाण्यात जावे आणि ४८ तास, ३० दिवस, ९० दिवस या तारखा वहीत मांडाव्यात. येत्या हंगामाचे वाहतूक करार भरताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींच्या विम्याची प्रतही घ्यावी. ट्रॉली पॉलिसीत नसल्याचे पुष्कळांना अपघातानंतर कळते. तोवर आमच्या गटातील सभासदांनी आमच्या कार्यालयात यावे. आमचा स्लिपबॉय अर्ज चांगला लिहितो.