नंतर बसवता येत नाही, ते आधी बघा



गेल्या दिवाळीच्या आधी आमच्याकडे नवी गाडी घ्यायचं ठरलं. छोटी एसयूव्ही घ्यायची, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढचं सगळं पुरुषांच्या बैठकीत गेलं. शोरूममधल्या मुलानं आमच्या ह्यांना इंजिन समजावलं, चिरंजीवांना टर्बो समजावला आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, कलर कुठला आवडेल?"

मी जुन्या काळातली बी.कॉम. आहे. अडतीस वर्षं घरचा जमाखर्च माझ्या हातात आहे. मी रंग सांगितला नाही. पिशवीतून शिवणकामाची टेप काढली आणि मागचं दार उघडून सीटची उंची मोजायला लागले. ह्यांना जरा संकोच वाटला, पण मला नाही वाटला. कारण मागच्या सीटवर बसणार होतो आम्ही: मी, शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई आणि सुट्टीत आली की नात.

आधी एक प्रसंग सांगते. दीड वर्षापूर्वी पुण्याहून येताना जुन्या गाडीत नात माझ्या मांडीवर होती. पट्टा तिलाही नाही, मलाही नाही. आडवा कुत्रा आला, ह्यांनी ब्रेक दाबला. कुत्रा वाचला, पण पोरीचा ओठ पुढच्या सीटवर आपटून फाटला, दोन टाके पडले. वेग फार नव्हता. मांडी म्हणजे सुरक्षित जागा, असं मी आयुष्यभर समजत होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, तेव्हा गाडी महागडी होती, पण मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं होतं. ते वर्तमानपत्रात वाचून मी पान उलटलं होतं. नातीचा ओठ बघितल्यावर ते पान आठवलं.

म्हणून वहीत पहिला रकाना मागच्या सीटचा केला. तिघांनाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे का? मधल्याला नुसता कमरेचा तर नाही? लहान मुलाची सीट अडकवायला आयसोफिक्सचे हुक आहेत का? किंमत शेवटच्या रकान्यात गेली.

आता बाजाराचं गणित. या सगळ्या गाड्या चार मीटरच्या आतच का, हे मला आधी कळत नव्हतं. उत्तर करात आहे. लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल, तर सरकार तिला छोटी गाडी मानतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी उपकर धरून पेट्रोलवर २९ आणि डिझेलवर ३१ टक्के होता. यातली एक अट जरी मोडली तरी ४० टक्के. मारुतीची ब्रेझा चार मीटरच्या आतच आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. शेजारी उभ्या दोन गाड्या सारख्याच दिसतात, पण एकीच्या किमतीत सरकारचा वाटा कितीतरी जास्त असतो.

दुसरी रेघ दहा लाखांची. आपल्या राज्यात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रस्ताकर आहे आणि त्यापुढे १२. ९ लाख ९५ हजारांच्या गाडीला १ लाख ९ हजार ४५० रुपये बसतात. १० लाख २० हजारांच्या गाडीला १ लाख २२ हजार ४०० बसतात. म्हणजे "फक्त पंचवीस हजार जास्त" म्हणून वरचं मॉडेल घेतलं, तर तेरा हजार नुसत्या करातच वाढतात. शिवाय दहा लाखांच्या वर एक टक्का टीसीएस कापतात. तो विवरणपत्रात मागता येतो, पण आधी खिशातून जातोच.

विम्याचंही सांगते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, १ सप्टेंबर २०१८ पासून. पण विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून दोन दर मागवा आणि तो कागद शोरूमच्या टेबलावर ठेवा. आकडा खाली येतो, अनुभवानं सांगते.

चिरंजीवांना हवी होती छतात काच उघडणारी, मोठ्या पडद्याची गाडी. "आई, दोन लाखांचा तर फरक आहे, कर्ज काढू." मी कागद घेतला. दोन लाख, पाच वर्षं, नऊ टक्के: महिन्याला चार हजार दीडशे, एकूण भरायचे दोन लाख एकोणपन्नास हजार. त्या काचेसाठी जवळजवळ पन्नास हजार व्याज. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. त्या उन्हात छत उघडून कोण बसणार? आणि कर्ज फिटेपर्यंत सासूबाई नव्वदीच्या पुढं असतील, मी सत्तरीच्या उंबऱ्यावर. ठेव मोडायची ती कशासाठी, हे आम्हालाच ठरवायला हवं.

इथं माझं मत आलं, आणि तेच सांगायला हा लेख लिहिते आहे. त्याच पैशात दोन गाड्या मिळतात. एक, खालच्या वर्गातलं नटवलेलं मॉडेल. दुसरी, वरच्या वर्गातलं साधं मॉडेल. पंच किंवा एक्स्टरचं सगळ्यात वरचं मॉडेल जिथं जातं, तिथं नेक्सॉन, थ्रीएक्सओ, कायलॅक यांचं खालचं मॉडेल सुरू होतं. शोरूमवाला पहिल्याकडे ओढतो. माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं आहे. साधं पण अस्सल रेशीम की जरीकाम केलेलं नायलॉन, हे आपल्याला साडीच्या दुकानात कुणी शिकवावं लागत नाही.

कारण सरळ आहे. पडदा, कॅमेरा, स्पीकर, सीट कव्हर नंतर बसवता येतं. पत्र्याचा सांगाडा, एअरबॅग, पट्टे, डिकी, सीटची उंची नंतर बसवता येत नाही. म्हणून पैसे आधी तिथं घालायचे.

सुरक्षिततेचे आकडे आता घरबसल्या मिळतात. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. तिच्यात थ्रीएक्सओ आणि कायलॅकला पाच तारे आहेत. तिघींच्याही खालच्या मॉडेलपासून सहा एअरबॅगा आहेत. पण नुसत्या एअरबॅगा मोजू नका. पंचला २०२१ मध्ये पाच तारे मिळाले, तेव्हा तिच्यात दोनच होत्या. सांगाडा किती मजबूत आणि फुगे किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा. म्हणून ज्यांचं बजेट सहा-सात लाखांचंच आहे, त्यांनी मन लहान करू नये. त्या वर्गातही हेच दोन प्रश्न विचारून घ्या. पंचची दारं तर नव्वद अंशात उघडतात, गुडघे दुखणाऱ्या बाईला त्याचं मोल कळतं.

सीएनजीचा मोह आम्हालाही झाला. आमचं वर्षाचं फिरणं सहा हजार किलोमीटर. लिटरला अठरा आणि दर १०५ धरला तर पेट्रोलला पस्तीस हजार. किलोला चोवीस आणि दर ९२ धरला तर सीएनजीला तेवीस हजार. वाचले बारा हजार. गाडी मात्र नव्वद हजारांनी महाग. वसूल व्हायला साडेसात वर्षं! रोज पन्नास किलोमीटर धावणाऱ्यांनी जरूर घ्यावी, आमच्यासारख्यांनी नाही. शिवाय टाकीनं डिकी खाल्ली, तर कुंथलगिरीला जाताना गाळलेल्या पाण्याचे कॅन, शिधा, शेगडी आणि पूजेच्या धुतल्या कपड्यांची पेटी ठेवायची कुठं?

आता साडीची परीक्षा. जाहिरातीत सांगतात, जमिनीपासून उंची २०८ मिलिमीटर. खोदलेल्या गल्ल्या आणि गतिरोधकांसाठी ते चांगलंच. पण गाडी उंच म्हणजे पाय उचलायचाही उंच. ही परीक्षा पुरुषांना सुचत नाही, कारण ते पँट घालून बसतात. मी साडीत चढून-उतरून पाहिलं, मग सासूबाईंना घेऊन गेले. मागच्या सीटला एसीचा झोत येतो का, तेही त्यांनाच विचारलं. सीट कातडी आहे का, हेसुद्धा विचारा. बहुतेक ठिकाणी नकली असतं, पण स्टिअरिंगवर खरं चामडं गुंडाळलेलं असू शकतं. खालच्या मॉडेलात साधं कापड असतं, आपल्याला तेच बरं.

आणि दुरुस्तीचं ठिकाण घरापासून किती लांब, हे विसरू नका. मोटारीचा धंदा या देशात रुजवणारे वालचंद हिराचंद आपल्याच सोलापुरात १८८२ मध्ये जन्मले. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ ची. त्याच प्रीमियरनं २००९ मध्ये रिओ नावाची चार मीटरच्या आतली एसयूव्ही आणली होती, बाकीच्यांना सुचायच्या कितीतरी आधी. पण ती फार काळ टिकली नाही. आपल्या माणसाचं नाव असलं म्हणून अभिमान वाटतो, तो वाटावाच. पण गाडी घेताना दहा वर्षांनी तिचा सुटा भाग गावात मिळेल का, हे विचारावंच लागतं.

आम्ही शेवटी तीन गाड्यांवर आलो. कायलॅकची डिकी सगळ्यात मोठी, थ्रीएक्सओची सगळ्यात लहान. सासूबाई नेक्सॉनमध्ये सहज टेकल्या, पण पाय उचलायला त्रास झाला. तेव्हा त्याच म्हणाल्या, "अगं, देवघरातला जुना पाट ठेव की गाडीत." विषय संपला. नेक्सॉनचं खालून दुसरं मॉडेल, पेट्रोल, कर्ज न काढता घेतलं. ह्यांचं परिग्रह परिमाण आहे, घरात चारचाकी एकच. म्हणून जुनी विकली आणि मगच नवी दारात आली.

चिरंजीव दोन दिवस गप्प होते. मग कुंथलगिरीला निघालो, तेव्हा नातीची सीट त्यांनीच हुकात अडकवली आणि ओढून ओढून पाहिली. मी पट्टा लावला. सासूबाईंना पट्टा काचतो, त्या कुरकुरल्या, तरी लावला.

मैत्रिणींनो, रंग आपण सांगूच. पण तो शेवटी. आधी टेप आणि वही घेऊन जा, आणि मागच्या सीटवर बसूनच गाडी बघा. तिथं बसणार आपणच आहोत.