बर्फ पडत नाही, पाणी तर पडते!

चिंचोटीत बर्फ पडत नाही. त्यामुळे छतावरच्या अँटेनाची वेगळी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पण जुलै २०१८ मध्ये मुसळधार पावसात चिंचोटीच्या धबधब्यावर शंभराच्या आसपास पर्यटक अडकले होते. अशा दिवशी जंगलात शिरलेले बचाव पथक आणि नियंत्रण कक्ष यांना जोडणारा वायरलेस बंद पडून चालत नाही. मोबाईल आहेच, हे उत्तर पुरेसे नाही. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या अनेक गावांत वीज आणि मोबाईल दोन्ही कित्येक दिवस बंद होते.

थंड देशांत साचलेल्या बर्फाच्या ओझ्याने अँटेना वाकतो, वाऱ्यात मोडतो. म्हणून तिथे त्यावर आवरण घालतात, तो तापवण्याची सोय करतात. मात्र रेडिओ लहरींना कोरड्या बर्फापेक्षा पाण्याचा त्रास जास्त. पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक जितका मोठा, तितका तो लहरींच्या वाटेत ढवळाढवळ करतो. केबलमधल्या पॉलिथिनचा हा आकडा सुमारे २.३, बर्फाचा सुमारे ३, तर पाण्याचा तब्बल ८० च्या घरात! केबलच्या जोडात पाणी शिरले की संदेशाची काही शक्ती उलटी परतते, काही उष्णतेत वाया जाते. उन्हाने तडकलेल्या आवरणातून शिरलेला ओलावा आतल्या तांब्याच्या जाळीतून वातीसारखा पुढे सरकतो. वसई परिसरातली खारी हवा त्या तांब्याला गंज चढवते. मग बाहेरून केबल धडधाकट दिसते आणि आवाज मात्र खरखरतो.

उपाय साधे आहेत. जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी. कौले चढवतात तशी, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते. केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब तिथूनच गळतात. खांबाचे ताण आणि अर्थिंग तपासावे. हे काम जाणकाराकडून मेमध्येच उरकावे. पावसात, विजा चमकत असताना छतावर चढणे जिवावर बेतू शकते.

हवामान ओळखून अँटेना बांधण्याचा उत्तम दाखला नारायणगावजवळ खोडदला आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेनांचा व्यास प्रत्येकी ४५ मीटर. त्यांना सलग पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी आहे. वारा तिच्यातून आरपार जातो. हिमवर्षाव होत नाही, म्हणूनच इतकी हलकी रचना इथे चालते.

तोच विचार गावपातळीवर हवा. पावसाळ्याआधी नालेसफाई होते, झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. त्याच यादीत महापालिका, अग्निशमन केंद्रे आणि पोलीस चौक्यांनी अँटेना आणि केबलची तपासणी घालावी. टेपच्या एका गुंडाळीचा खर्च किरकोळ आहे. ऐन पुरात न पोचलेल्या हाकेची किंमत मात्र मोजता येत नाही.